न्हाणीघरातील गीझर आणि भिंतीतील जुनी तार

बेळगाव व निपाणी येथील जुन्या पेठांतून आमच्या व्यापारी बंधूंची अनेक घरे एकाच घडणीची आहेत. खाली दुकान, मागे पोत्यांची थप्पी आणि माडीवर बिऱ्हाड. पूर्वी आंघोळीचे पाणी परसातील चुलीवर अथवा तांब्याच्या बंबात तापे. पुढे २ किलोवॅटचा टाकीचा गीझर आला. आता घरातील तरुण मंडळींस तेवढा वेळ थांबवत नाही. म्हणून ३ किंवा ४.५ किलोवॅटचा तत्काळ पाणी तापविणारा गीझर घ्यावा, असा विचार घरोघरी चालू आहे. ही सोय आम्हांस अमान्य नाही. तथापि नवे यंत्र तासाभरात भिंतीवर चढते आणि त्यास वीज पुरविणारी तार मात्र आजोबांच्या वेळचीच राहते, इकडे आम्ही सुज्ञ वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

हिशेब ही आपणां व्यापाऱ्यांस नवी गोष्ट नव्हे. आपल्या घरात वीज २३० व्होल्टच्या दाबाने येते. यंत्राचे वॅट या आकड्याने भागले, की तारेतून वाहणारा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. २ किलोवॅटच्या गीझरास सुमारे ९, ३ किलोवॅटच्यास १३ आणि ४.५ किलोवॅटच्यास जवळजवळ २० अँपिअर लागतात. इंग्लंडातील घरांत विजेवर पाणी तापविणारे फवारे ८ ते १० किलोवॅटचे असतात. पण त्यांच्यासाठी मुख्य फलकापासून जाड तार स्वतंत्र ओढलेली असते. आपल्याकडील मोठा पॉवर प्लग १६ अँपिअरचा. म्हणजे ४.५ किलोवॅटचा गीझर त्यात खोचणे हे उघड अतिभाराचे काम होय.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २ किलोवॅटच्या जागी ४.५ किलोवॅटचा गीझर लावला, तर प्रवाह सव्वादोन पट होतो, परंतु त्याच तारेतील उष्णता पाचपट होते. शिवाय पोते फाटते ते बहुधा शिवणीत. तद्वत तार तापते ती बहुधा सांध्यात. सैल स्क्रू, नुसते पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड, तांब्याच्या तारेस जोडलेली ॲल्युमिनियमची तार, ही सारी कच्ची शिवण होय. जुन्या वाड्यांत लाकडी पट्ट्यांवरून नेलेल्या तारांचे रबरी वेष्टन वयोमानाने ठिसूळ होऊन गळते. ती तार लाकडी तुळईलगत व खालच्या बारदानावरून जात असेल, तर ठिणगी कोठे पडेल हे सांगण्याची गरज नाही. वर मुलेबाळे निजलेली असतात.

फ्यूज वरचेवर जातो म्हणून त्यात जाड तार घालणे, अथवा एम.सी.बी. पडते म्हणून अधिक अँपिअरची बसविणे, हा प्रकार सर्रास आढळतो. एम.सी.बी. ही मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असते. तिचे माप तारेच्या शक्तीवरून ठरते. यंत्राच्या भुकेप्रमाणे ते वाढवीत नेले, तर भिंतीतील तार बिनबोभाट जळू लागते.

दुसरा धोका विजेच्या धक्क्याचा. ओल्या अंगास विजेचा स्पर्श झाल्यास तो प्राणघातक ठरू शकतो. काही जुन्या घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळास जोडलेली होती. मध्यंतरी नळ बदलून प्लॅस्टिकचे आले आणि जमिनीशी असलेला तो संबंध कोणाच्या ध्यानी न येता तुटला. प्लगास तिसरे भोक असते, पण त्यामागे काहीच नसते! म्हणून अर्थिंग प्रत्यक्ष मोजून घ्यावे. त्याच्या जोडीस ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. असावी. जाणारा व परतणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडताच ती क्षणार्धात वीज तोडते. साध्या एम.सी.बी.कडून हे काम होत नाही.

तेव्हा खरेदीपूर्वी पुढील क्रम ठेवावा. वीजबिलावरील मंजूर भार प्रथम पाहावा; तो अपुरा असल्यास हेस्कॉमकडे वाढीचा अर्ज करावा. मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, त्यापुढील घरमालकाची, हे विसरू नये. नंतर परवानाधारक विद्युत कंत्राटदारास बोलवावे. त्याच्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तारांच्या वेष्टनाची तपासणी करवावी. आकडा १ मेगओहमहून कमी येता कामा नये. ४.५ किलोवॅटच्या गीझरास मुख्य फलकापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार, मध्ये जोड न देता, आणि २५ अँपिअरची स्वतंत्र एम.सी.बी. असावी. ३ किलोवॅटच्यासही ४ चौरस मिलिमीटरचीच तार घातली, तर पुढील चिंता मिटते. बटण हाताशी असले तरी पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर असावे.

घराची तार यास पुरी पडत नसेल आणि तूर्त खर्च झेपत नसेल, तर २ किलोवॅटचा टाकीचा गीझरच ठेवावा. आंघोळीस थोडा उशीर होईल, इतकेच. गच्चीवर ऊन असल्यास सौर बंबही उत्तम. मात्र त्यात ढगाळ दिवसांसाठी विजेची कांडी असली, तर वरील नियम तिलाही लागू आहेत.

पोत्यात नळी खुपसून नमुना पाहिल्यावाचून आपण धान्याचा भाव ठरवीत नाही. घराच्या बाबतीतही तीच चौकशी प्रथम व्हावी. येत्या दिवाळीत दुकानाची झाडलोट व वहीपूजनाची तयारी होईल, त्याच वेळी एक दिवस वायरमनसाठी राखून ठेवावा, आणि आर.सी.सी.बी.ची चाचणीची कळ दरमहा दाबून पाहण्याचे काम घरातील एका जाणत्या मुलाकडे सोपवावे, अशी आमची सर्व सभासद बंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे.