ग्रामसभा आणि मागे राहिलेले मूल

स्थानिक स्वराज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्ता, गटार, दिवाबत्ती आणि पाण्याची टाकी उभी राहते. या गोष्टी दिसतात, मोजता येतात, आणि त्यांचे उद्‌घाटनही करता येते. परंतु लोकांनी निवडून दिलेल्या संस्थांकडे कायद्याने आणखी एक काम सोपविले आहे. आपल्या हद्दीतील प्रत्येक मूल वाढते आहे की नाही, शिकते आहे की नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, चालता येत नाही किंवा अक्षरे लागत नाहीत त्याला हवी ती मदत मिळते की नाही, हे पाहण्याचे ते काम. त्यालाच येथे देखरेख म्हटले आहे. देखरेख म्हणजे शिक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसणे नव्हे, की डॉक्टरला औषध सुचविणे नव्हे. वेळेवर प्रश्न विचारणे आणि उत्तर मिळेपर्यंत तो न सोडणे, एवढाच तिचा अर्थ.

हा अधिकार आपल्याकडे एकाएकी आलेला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुले यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आला. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, आणि शाळा, दवाखाने व समाजकल्याण ही खाती लोकनियुक्त सभासदांच्या समित्यांपुढे उभी राहिली.

या सर्व काळात अंध, मूकबधिर आणि मतिमंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांचे शिक्षण मात्र बहुतांशी शहरातील दानशूर संस्थांच्या अंगावर होते. दादरची अंधशाळा १९०० ची, पुण्याची अंधशाळा १९३४ ची, मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, पुण्याची कामायनी १९६४ ची. या संस्थांचे ऋण मोठे आहे. पण ज्याच्या घरापासून त्या दूर, त्याच्यासाठी त्या नसल्यासारख्याच होत्या. खेड्यातील असे मूल घरात राहिले, आणि घरच्यांनी ते दैव म्हणून सोसले.

आज स्थिती निदान कागदावर पालटली आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे द्यावयाच्या २९ विषयांची यादी घटनेत घातली. त्यात शिक्षण आहे, महिला व बालविकास आहे, आणि अपंगांचे कल्याणही आहे. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याचे नववे कलम प्रत्येक ग्रामस्थाने वाचण्यासारखे आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे, त्याचा प्रवेश व हजेरी यांवर लक्ष ठेवणे, आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांनाही शाळेत दाखल करून घेणे, ही कर्तव्ये ते स्थानिक प्राधिकरणावर टाकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य दिव्यांगत्वांची संख्या २१ केली, त्यांत अध्ययन अक्षमतेलाही स्थान दिले, आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शाळा शेजारची असावी की खास असावी, ही निवड मुलाची आहे. याच कायद्याप्रमाणे अशा मुलांच्या शोधासाठी दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करावयाची असते.

म्हणजे दया संपली आणि हक्क आला. मग मूल मागे का राहते? याचे उत्तर शोधण्यासाठी राहू गावचेच उदाहरण घेऊ. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या कवेत सापडलेला हा प्रदेश राहू बेट म्हणून ओळखला जातो. रांजणगाव सांडसजवळ दोन्ही प्रवाह मिळतात, आणि भीमेपलीकडे शिरूर तालुका लागतो. पाणी आहे, ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत, साखर कारखाना आहे. अशा गावात एक मूल जन्मले आणि त्याला जन्मतःच कमी ऐकू येते, असे समजा.

प्रथम आशाताई आणि अंगणवाडीसेविका त्याला पाहतात. अंगणवाडी ही कल्पना आपल्या मराठी मातीतलीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला जे काम केले, त्याचे सूत्र असे की मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. २०१३ साली पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुले तपासते. जन्मजात व्यंग, आजार, पोषणातील उणिवा आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी ते पाहते. संशय आला तर मुलाला पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवितात. तेथे निदान व्हावयाचे, श्रवणयंत्र मिळावयाचे, प्रमाणपत्र मिळावयाचे. नंतर शाळा, आणि शाळेत पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातून येणारे विशेष शिक्षक.

साखळी उत्तम आहे. पण तिच्या कड्या निरनिराळ्या हातांत आहेत. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. तपासणी पथक आरोग्य खात्याचे. विशेष शिक्षक २०१८ पासून चालू असलेल्या समग्र शिक्षा योजनेचे. खास शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत, आणि तो विभागही २०२२ च्या अखेरीस स्वतंत्र झालेला. पथकाने चिठ्ठी दिली म्हणजे त्याचे काम झाले. पण आईला रोजंदारी बुडवून पुण्याला जाता आले नाही, तर ती चिठ्ठी देवळीतच राहते. प्रत्येक खात्याच्या वहीत आपापले काम पुरे झालेले असते, आणि मुलाला मात्र अजून ऐकू येत नसते. पुढे पहिलीत गुरुजी हाक मारतात, ते वळत नाही, आणि वर्गात त्याचे नाव 'मठ्ठ' पडते. कानाचा दोष बुद्धीच्या खात्यावर मांडला जातो. डोळ्यांच्या दोषाचे आणि अक्षरे उलटसुलट दिसणाऱ्या मुलाचेही असेच होते.

चार खात्यांना चार तुकडे दिसतात. अख्खे मूल दिसते ते फक्त गावाला. म्हणून देखरेखीचे खरे ठिकाण मंत्रालय नव्हे, ग्रामसभा होय.

यात एक प्रश्न नोंदीचा आहे. ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्याविषयी कोणी विचारीत नाही. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून व नगरकडून टोळ्या येतात. गुऱ्हाळांवर परप्रांतीय कामगारही असतात. त्यांची मुले पाचसहा महिने येथे कोपीत राहतात. त्यांतले एखादे मूल चालू शकत नसेल, तर आईबाप त्याला एक तर मागे म्हाताऱ्या आजीपाशी ठेवतात, नाही तर कोपीत एकटे ठेवून फडात जातात. तपासणी पथक मूळ गावी येते तेव्हा ते येथे, आणि येथे येते तेव्हा ते गावी, असेही होऊ शकते. कायदा मात्र 'रहिवासी' म्हणताना रेशनकार्ड कोठले ते विचारीत नाही. जोवर ते मूल राहूच्या शिवारात आहे, तोवर त्याची नोंद ठेवणे हे राहूचे काम आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, असा राज्यातील नियम आहे. समग्र शिक्षेत अशा विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. रक्कम थोडी आहे खरी. पण वर्षअखेरीस सर्वांना सारखे वाटप करून मोकळे होण्यापेक्षा, दोन मुलांना रुग्णालयात नेण्याआणण्याचे भाडे किंवा शाळेचा उतार आणि कठडा यांवर ती खर्च झाली, तर तिचे मोल वाढते.

तिसरा प्रश्न माणसांचा. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर दर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण धरून दिले. आपल्या केंद्रातल्या शाळांना ते शिक्षक किती, आणि ते महिन्यातून किती दिवस येतात, हे विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

विचारावयाचे कोठे? कायद्याने वाटा दिल्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात, आणि वंचित गटांतील पालकांना त्यांत प्रमाणशीर स्थान द्यावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले या गटात आली. तेव्हा त्यांच्या पालकांना समितीत घेणे ही मेहेरबानी राहिलेली नाही. मुलाच्या हक्काविषयी तक्रार असेल तर बत्तिसाव्या कलमाप्रमाणे कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करू शकतो. त्याचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

जिल्हा परिषदेच्या समित्या ही त्यावरची पायरी. या पायरीचे मोल तिच्या अभावी कळले. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षांमागून वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अधिकारी कितीही कर्तव्यदक्ष असला, तरी आपणच केलेल्या कामाविषयी आपणच प्रश्न विचारणे त्याला साधणार कसे? इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलांना मुलाची पाहणी करून त्याच्या गरजांची लेखी योजना वीस आठवड्यांत द्यावी लागते, आणि तो कालावधी किती मुलांच्या बाबतीत पाळला गेला, याचा जाब सभासद उघड बैठकीत विचारतात. तेथेही विलंब होतोच. पण तो आकड्यांत दिसतो, म्हणून त्यावर भांडता येते.

आपल्या ग्रामसभेला एवढा मोठा खटाटोप नको. पाच प्रश्न पुरेत. गावात, वस्त्यांवर, कोप्यांवर आणि गुऱ्हाळांवर मिळून मुले किती, आणि त्यांपैकी विशेष गरजा असलेली किती? पथक शेवटचे केव्हा आले, आणि त्याने पुढे पाठविलेल्या मुलांपैकी प्रत्यक्ष रुग्णालयात किती पोहोचली? श्रवणयंत्र, चष्मा, चाकाची खुर्ची यांपैकी काय मिळाले आणि काय मोडून पडले आहे? विशेष शिक्षक किती वेळा आले? राखीव पैसा कोठे गेला?

मात्र येथे दोन पथ्ये पाळावयास हवीत. सभेत आकडे वाचावेत, नावे वाचू नयेत. मुलाची उणीव चारचौघांत मांडणे हा त्याच्यावर अन्याय आहे. नावांची वही मुख्याध्यापक आणि अंगणवाडीसेविका यांच्या जबाबदारीवर राहावी. आणि चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून गरज नाही, असे समजू नये. तीस टक्के कमी ऐकणाऱ्या मुलालाही पुढच्या बाकावर बसविण्यास कोणाच्याही सहीची आवश्यकता नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरविण्याची रीत आहे. १ मे ची सभा शाळा उघडण्यापूर्वीची, म्हणून तीत प्रवेशाचा आणि यादीचा प्रश्न घ्यावा. २ ऑक्टोबरची सभा टोळ्या येण्याच्या तोंडावरची, म्हणून तीत बाहेरून येणाऱ्या मुलांची तजवीज ठरवावी. उरलेल्या दोन सभांत मागील उत्तरांचे काय झाले ते विचारावे. इतिवृत्तात हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहून ठेविली, की पुढील वर्षी कोणी नवा सरपंच किंवा नवा अधिकारी आला, तरी काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागणार नाही.