युद्धपटाचे शुद्धिपत्र

युद्धाच्या पटखेळासोबत शुद्धिपत्र आले की छपाईत गलथानपणा झाला, असे सहज मानले जाते. काही दुरुस्त्या तेवढ्याच असतात. सोंगटीवरचा आकडा चुकला, तो बदलला, विषय संपला. पण नियमांचे खुलासे वेगळ्या जातीचे असतात. लढाई कशी घडते याविषयी खेळकर्त्याने केलेले विधानच तिथे तपासले जाते, म्हणून शुद्धिपत्र हा मला या खेळांचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. प्रशियाच्या तोफखान्यातील तरुण अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’ या युद्धपटाचे नियम प्रसिद्ध केले. १:८००० प्रमाणाचा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, दोन मिनिटांची एक चाल आणि हानी ठरवायला फासे व तक्ते. राइसविट्झ १८२७ मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी बर्लिनमधल्या अधिकाऱ्यांनी नियमांची पुरवणी काढली. खेळून पाहिल्याशिवाय कळणार नाहीत अशा अडचणी त्यांना पटावर भेटल्या होत्या. १८६२ मध्ये चिश्वित्झने नियमांची नवी मांडणी केली. तोवर बंदुका बदलल्या होत्या. जुन्या माऱ्याचे तक्ते तसेच ठेवले असते, तर पटावर १८२४ चेच युद्ध चालू राहिले असते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप प्रशियातूनच आला. व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने १८७६ मध्ये फासे आणि तक्ते जवळजवळ बाजूला सारून सगळा निर्णय अनुभवी पंचावर सोपवला. नियमच नकोत, मग दुरुस्त्या कसल्या? खेळ वेगवान झाला, हे मान्य करावे लागते; किचकट तक्त्यांना कंटाळलेल्या अधिकाऱ्यांची तक्रारही खोटी नव्हती. पण लिहिलेला नियम चुकला तर कोणीही त्यावर बोट ठेवू शकतो. पंचाच्या मनातला नियम चुकला तर तो दाखवायचा कुठे? आणि पंचाहून वरिष्ठ अधिकारी समोर असेल तर? १९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलाने मिडवे मोहिमेचा सराव पटावर केला. पंचाने फासे टाकून जपानी विमानवाहू जहाजांवर ९ बॉम्ब पडल्याचे ठरवले. उगाकी या वरिष्ठ अधिकाऱ्याने ते ३ वर आणले, असे फुचिदा आणि ओकुमिया या जपानी नौदल अधिकाऱ्यांनी लिहिले आहे. जूनमध्ये प्रत्यक्ष लढाईत जपानने ४ विमानवाहू जहाजे गमावली. पटावरच्या त्या बदलाने पराभव ओढवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र तो बदल पुराव्यावरून नव्हे, हुद्द्यावरून झाला. शुद्धिपत्र आणि मनमानी यांतला फरक तो हाच.

दुरुस्त्यांनी नियमपुस्तिका फुगते, हा दुसरा आक्षेप बराच खरा आहे. १९८५ च्या ‘अॅडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’ या युद्धपटाचे नियम तर सुट्या पानांच्या फाइलमध्येच दिले गेले, म्हणजे जुने पान काढून सुधारलेले घालता यावे. नवख्याची छाती दडपावी असा तो पसारा आहे. तरीही पान बदलण्याची सोय आधीच ठेवणारा कर्ता मला अधिक विश्वासाचा वाटतो. माझी तक्रार वेगळी आहे. बहुतेक खुलासे नुसता निकाल सांगतात, कारण सांगत नाहीत. बदल खेळाचा तोल सांभाळण्यासाठी केला की नवा पुरावा हाती आल्यामुळे, हे त्या नियमाशेजारीच छापले पाहिजे.