वॉटसन हॉटेल

मुंबईच्या फोर्ट विभागात काळा घोडा येथे असलेली, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सांगाड्यावर उभारलेली एकोणिसाव्या शतकातील पाच मजली वास्तू. ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने ती पुढे ओळखली जाऊ लागली. संपूर्ण सांगाडा बिडाचा असलेल्या भारतातील विद्यमान वास्तूंत ती सर्वांत जुनी मानली जाते.

जॉन हडसन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने ही इमारत बांधवून घेतली. तिचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने तयार केला. लंडनमधील आल्बर्ट पूल ही त्याचीच कृती होय. सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईस आणण्यात आले आणि १८६७–६९ या काळात जागेवर जोडण्यात आले. इमारतीचा भार लोखंडी खांब व तुळया यांवर पडतो. मधल्या विटांच्या भिंती केवळ आडोशाच्या आहेत. पुढील काळातील उंच इमारतींच्या बांधणीचे हेच मूलतत्त्व असल्याने वास्तुशास्त्राच्या इतिहासात या इमारतीस महत्त्व आहे. मध्यभागी काचेच्या छपराचा चौक, त्याभोवती खोल्या व दर्शनी बाजूस प्रत्येक मजल्यावर रुंद सज्जे अशी तिची रचना होती.

हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले. ते यूरोपीय प्रवाशांसाठी राखीव होते. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८९६ च्या आरंभी येथे उतरला होता. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथे झाला. प्रवेशमूल्य एक रुपया होते.

ऱ्हास : १९०३ मध्ये अपोलो बंदराजवळ ताजमहाल हॉटेल सुरू झाल्यावर वॉटसनचे महत्त्व ओसरले. कालांतराने हॉटेल बंद पडले, इमारतीची मालकी बदलली आणि मोठ्या दालनांचे लहान गाळे पाडून ते भाड्याने देण्यात आले. न्यायालये जवळ असल्याने वकिलांनी येथे कार्यालये थाटली. काही गाळ्यांत कुटुंबे राहू लागली. मुंबईतील जुन्या इमारतींची भाडी १९४७ च्या भाडेनियंत्रण अधिनियमाने सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली होती. भाडेकरूंना त्यामुळे निवाऱ्याची हमी मिळाली. परंतु अल्प भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना आणि तो कोणी सोसावा हा प्रश्न अनिर्णित राहिला. मूळ रचनेत नसलेले आडपडदे, वाढीव भार आणि पावसाळी व खारी हवा यांची भर पडली. लोखंडावर चढलेला गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो व लगतच्या विटकामास तडे पाडतो. बीड दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. ते न वाकता एकाएकी तुटते. त्यामुळे धोक्याची सूचना उशिरा मिळते.

जून २००५ मध्ये, इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानो यांच्या प्रयत्नांमुळे, जागतिक स्मारक निधीने जगातील शंभर संकटग्रस्त स्थळांच्या यादीत या वास्तूचा समावेश केला. लगेचच जुलैमध्ये दर्शनी भागाचा काही अंश कोसळून एक व्यक्ती मृत्युमुखी पडली व काही जखमी झाल्या.

पुनरुज्जीवनाचा प्रश्न : बृहन्मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीनुसार ही वास्तू श्रेणी दोन-अ मध्ये येते. या नियमावलीमुळे पाडकामास परवानगी आवश्यक ठरते. दुरुस्ती मात्र आपोआप होत नाही. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून इमारत रिकामी करण्यात आली. भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या (मुंबई) अहवालात ती पाडण्याची शिफारस होती. संवर्धनतज्ञांच्या मते मात्र ती वाचविणे शक्य होते. बिडाच्या सांगाड्याच्या जीर्णोद्धारात प्रथम नंतरचा भार उतरवून आधार द्यावा लागतो; मग गंज काढणे, तडकलेले भाग सांधणे किंवा बदलणे, पाण्याचा निचरा सुधारणे व संरक्षक लेप देणे ही कामे येतात. बीड सहजी जोडता येत नसल्याने प्रत्येक खांबाची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.

या संदर्भात ताजमहाल हॉटेलचे उदाहरण उद्बोधक आहे. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात त्याच्या जुन्या इमारतीची आगीने मोठी हानी झाली. तरी १५ ऑगस्ट २०१० रोजी ती पुन्हा खुली झाली. तेथे मालकी एकसंध होती, व्यवसाय चालू होता आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा याविषयी वाद नव्हता. वॉटसनमध्ये मालक, भाडेकरू व शासकीय यंत्रणा यांत जबाबदारी विभागली गेली. ऐतिहासिक वास्तूचे आयुष्य केवळ बांधकामाच्या मजबुतीवर ठरत नाही. तिचा योग्य वापर आणि देखभालीचे निश्चित उत्तरदायित्व यांवरही ते अवलंबून असते, हे या दोन वास्तूंच्या इतिहासातून स्पष्ट होते.