'बीटी' म्हणजे काय रे भाऊ?

आपल्या मेसमध्ये उभं राहून विचारा, "कुणाच्या घरी कपाशी आहे?" निम्म्याहून जास्त हात वर जातील. यवतमाळ जिल्हा आहे, नवल नाही. आता त्याच मंडळींना विचारा, "बीटी म्हणजे काय?" मी विचारलं होतं. एकाने कंपनीचं नाव सांगितलं, दुसरा म्हणाला "सरकीला लावलेलं औषध", आणि आमच्या विंगमधल्या एका महाभागाने "बेस्ट टेक्नॉलॉजी" असा फुल फॉर्म ठोकून दिला. व्हायवात तो असाच पास होतो!

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत सापडणारा एक जिवाणू. मी कॉम्प्युटरचा विद्यार्थी, बायोलॉजी दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण घरी कपाशी असल्यामुळे या भानगडीत शिरलो, आणि शिरता शिरता हेलन व्हाइटली नावाच्या बाईंपर्यंत पोचलो. आपल्या वावरातल्या कपाशीशी त्यांचा जवळचा संबंध आहे, पण त्यांचं नाव इकडे कुणी घेत नाही.

जिवाणू तसा जुना. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला. पुढे १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना पिठातल्या अळीत सापडला, आणि थुरिंजिया या प्रांतावरून त्याला नाव मिळालं. याची एक खोड आहे. खाणं संपलं की हा बीजाणू बनवून झोपी जातो, आणि झोपताना शेजारी प्रथिनाचा एक छोटा स्फटिक तयार करून ठेवतो. अळीने तो खाल्ला की खेळ सुरू. तिच्या आतड्यातला रस साबणाच्या पाण्यासारखा अल्कधर्मी असतो, त्यात स्फटिक विरघळतो. तिचेच पाचक रस ते प्रथिन कापून लहान करतात. हा कापलेला तुकडा आतड्याच्या पेशींवरच्या ठराविक जागी जाऊन बसतो, कुलपात किल्ली बसते तसा, आणि पेशीला भोक पाडतो. अळी खाणं सोडते आणि मरते. आपल्या पोटात आम्ल असतं आणि ते कुलूपही नसतं, म्हणून आपल्याला काही होत नाही.

आता व्हाइटली बाई. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी १९५१ मध्ये पीएच.डी. केली आणि तिथेच मायक्रोबायॉलॉजीत संशोधन केलं. सुरुवातीचं काम होतं ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवर. नंतर त्या जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंकडे वळल्या. एसपी-८२ नावाचा एक विषाणू बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत शिरतो आणि त्याचीच यंत्रणा ताब्यात घेऊन आपली जनुकं ठरलेल्या क्रमाने चालवतो. कुठलं जनुक कधी चालू होतं, कधी बंद, यावर बाईंनी वर्षानुवर्षं काम केलं. तेव्हा याचा कपाशीला काय उपयोग, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर मिळालं नसतं. (आपल्याकडे प्रोजेक्टच्या पहिल्याच रिव्ह्यूला "अॅप्लिकेशन काय?" असं विचारतात. सर-मॅडमनी राग मानू नये.)

पण बीटीचा स्फटिकही झोपण्याच्या वेळेलाच बनतो. म्हणजे प्रश्न तोच: जनुक कुठे आहे आणि ते कधी चालू होतं? १९८१ मध्ये अर्नेस्ट श्नेफ आणि व्हाइटली यांनी बीटीचा डीएनए तुकडे करून ई. कोलाय या वेगळ्याच जिवाणूत घातला. मग स्फटिकाचं प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी वापरून, ते प्रथिन बनवणारी वसाहत शोधून काढली. तिचा अर्क तंबाखूवरच्या अळीला चारला आणि अळ्या मेल्या! विष बनवायला अख्खा बीटी लागत नाही, त्याचं एक जनुक पुरतं, हे त्यातून दिसलं. १९८५ मध्ये त्या जनुकाचा पूर्ण क्रमही त्यांच्या प्रयोगशाळेने छापला.

गंमत अशी की जनुक झाडात नेणारी गाडीसुद्धा त्याच विद्यापीठात समजली. अॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू आपल्या प्लाझमिडचा तुकडा झाडात घुसवतो, हे १९७७ मध्ये चिल्टन, नेस्टर आणि गॉर्डन यांच्या गटाने तिथेच दाखवलं. तरी एक अडचण राहिलीच. जिवाणूचं जनुक झाडात नीट चालेना, प्रथिन नावापुरतं निघे. एकच अमिनो आम्ल लिहायला डीएनएत अनेक स्पेलिंग चालतात. मोन्सँटोच्या शास्त्रज्ञांनी झाडाला मानवणारी स्पेलिंग वापरून जनुक पुन्हा लिहिलं. आमच्या भाषेत, आउटपुट तेच, कोड दुसऱ्या मशीनसाठी. १९९० मध्ये अशी कपाशी तयार झाली. त्याच वर्षी व्हाइटली बाई गेल्या. बीटी कपाशी बाजारात आलेली त्यांनी पाहिली नाही.

भारतात मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरंच कमी झाल्या, हे आमचे बाबा आजही सांगतात. पण कुलूप-किल्ली आठवा. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना हे प्रथिन मारत नाही. त्यांच्यासाठी पाठीवरचा पंप सुटला नाही. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी कपाशी, दमट ऊन, दोन-तीन औषधांचं मिश्रण आणि तोंडाला फार तर एक दुपट्टा. "बीटी आहे ना, मग फवारता कायले?" असं शहरातले लोक विचारायचे. त्याचं उत्तर हे आहे.

त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. गुजरातमध्ये ती पहिल्या जनुकाला पुरून उरल्याचं २०१० मध्येच जाहीर झालं होतं, नंतर दुसऱ्यालाही पुरली. तिने कुलूपच बदललं. आतड्यातल्या त्या जागेचं जनुक बिघडलं की किल्ली बसत नाही. असा पतंग हजारोंत एखादा. त्याला साध्या पतंगाशी जोडी करायला मिळाली तर पिल्लं बहुतेक बीटीवर मरतात. म्हणून बियाण्याच्या पिशवीत नॉन-बीटीचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं, कडेच्या ओळींत साधे पतंग वाढावेत यासाठी. आमच्या गावात ते बहुतेकांनी बांधावर टाकलं. समजावून कुणी सांगितलं नव्हतं, आणि पोसायची कशाला अळी, हा प्रश्न काही चुकीचा नाही.

त्यात आपल्याकडे सगळी संकरित वाणं. संकरित झाडात जनुकाची एकच प्रत असते, म्हणून बोंडातल्या सरक्यांपैकी साधारण चारातली एक त्या जनुकाविना निघते. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एका सरकीत विष, शेजारच्या सरकीत नाही, म्हणजे बोंडातच तिची तालीम! अमेरिकेत सरळ वाणं होती, सोबत नापीक केलेले पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये त्यांनी ही अळी देशाच्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे फरदड आहे. डिसेंबरनंतर दोन पाणी दिलं की घरखर्चापुरता कापूस निघतो, आणि अळीलाही पुढच्या हंगामापर्यंत जेवण मिळतं. यंदा मी घरी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. बाबांनी डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून टाकली. मोठे बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि धुऱ्यापलीकडची त्यांची फरदड अजून उभी आहे.