रात्रीं उजळणारे मेघ

पावसाळ्यांत आपल्या डोक्यावरून जाणारे काळे ढग फार उंच आहेत असें आपणांस वाटतें. परंतु मोठ्यांत मोठा गडगडाटी मेघही १८ किलोमीटरांच्या वर क्वचितच डोकें काढतो. पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांभोंवतीं मात्र, उन्हाळ्याच्या दिवसांत, सुमारें ८३ किलोमीटर उंचीवर बर्फाचे अत्यंत विरळ मेघ तयार होतात. सूर्य मावळून खालचें सर्व आकाश अंधारांत बुडालें, तरी क्षितिजाखालच्या सूर्याचे किरण त्यांस लागतच राहतात, आणि ते रुपेरी-निळ्या जाळीप्रमाणें चमकूं लागतात. यावरून आम्ही त्यांस येथें निशादीप्त मेघ म्हणूं. त्यांची हकीकत देण्याचें कारण असें कीं, इतक्या निर्जन उंचीपर्यंत मनुष्याच्या संसाराची झळ पोंचली आहे काय, या प्रश्नाचें उत्तर शास्त्रज्ञ या मेघांत शोधीत आहेत.

१८८३ सालच्या ऑगस्टांत जावा व सुमात्रा या बेटांमधील क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची धूळ जगभर पसरल्यामुळें युरोपांत सायंकाळीं विलक्षण रंग दिसूं लागले व लोक ते मुद्दाम पाहूं लागले. अशा पाहणारांपैकीं कित्येकांस १८८५ च्या जूनमध्यें हे मेघ दिसले. बर्लिनचे ऑटो येस्से यांनीं निरनिराळ्या ठिकाणांहून एकाच क्षणीं त्यांचीं छायाचित्रें घेतलीं आणि त्रिकोणमितीनें उंची काढली. ती सुमारें ८२ किलोमीटर भरली. आजच्या मापनाशीं ती जवळजवळ तंतोतंत जुळते. त्रिकोणमिती कशास शिकावी, असें विचारणाऱ्या मुलांनीं येस्से यांस अवश्य स्मरावें.

आतां एक चमत्कारिक गोष्ट. ध्रुवावर उन्हाळ्यांत सूर्य चोवीस तास मावळत नाहीं. तरी त्याच ऋतूंत ८०-९० किलोमीटर उंचीवरची हवा वर्षांतील सर्वांत थंड, म्हणजे शून्याखालीं सुमारें १३० अंश सेल्सियस असते! याचें कारण वाऱ्याच्या लाटांत आहे. डोंगरांवरून व वादळांतून उठलेल्या लाटा हवेंतून वर चढतात, आणि किनाऱ्यावर समुद्राची लाट फुटावी तशा विरळ हवेंत फुटतात. त्यांच्या धक्क्यानें तेथील हवा उन्हाळ्याच्या ध्रुवाकडून हिंवाळ्याच्या ध्रुवाकडे लोटली जाते. ती उणीव भरून काढण्यास खालची हवा वर चढते, फुगते आणि फुगतां फुगतां निवते. सायकलच्या चाकांतून कोंडलेली हवा सुटतांना तोंडाशीं बोट धरलें तर ती गार लागते, तोच हा नियम.

थंडी मिळाली, तरी हवा तेथें वाळवंटाहूनही कोरडी. पाण्याच्या वाफेचे कण दहा लाखांत चार-पांचच. शिवाय बर्फ धरण्यास कांहीं तरी आधार हवा. तो आधार कोणता, हें पाहण्यास अमेरिकेनें २५ एप्रिल २००७ रोजीं ‘एम’ नांवाचा उपग्रह सोडला. त्यांतील कॅमेरे अतिनील प्रकाशांत खालीं पाहत. हा प्रकाश खालच्या ओझोनच्या थरांत शोषला जात असल्यामुळें पृथ्वी काळ्या फळ्यासारखी दिसे आणि तीवर हे मेघ खडूच्या रेघांप्रमाणें उठून दिसत. दुसरें उपकरण उगवत्या व मावळत्या सूर्याकडे वातावरणाच्या कडेंतून पाहून उष्णता, वाफ व बर्फ मापी. त्यावरून असें आढळलें कीं, या बर्फकणांत जळून गेलेल्या उल्कांची राख मिसळलेली असते. फार झालें तर शेंकडा ३, बहुधा त्याहून कमीच. दोन वर्षांकरितां पाठविलेला हा उपग्रह विद्युत्-घट निकामी होऊन २०२३ मध्यें बंद पडेपर्यंत सुमारें सोळा वर्षें राबला.

मनुष्याचा हात तेथवर पोंचतो, याचा एक पुरावा करुण आहे. १६ जानेवारी २००३ रोजीं कल्पना चावला व तिचे सहा सहकारी यांस घेऊन ‘कोलंबिया’ हें यान उडालें. त्याच्या यंत्रांतून निघालेली पाण्याची वाफ थोड्याच दिवसांत दक्षिण ध्रुवाकडे वाहत गेली व तेथील निशादीप्त मेघांत भर पडली, असें संशोधकांनीं दाखविलें. १ फेब्रुवारीस परततांना तें यान भंगलें व सातही जणांचा अंत झाला.

परंतु याहून मोठी गोष्ट मिथेन वायूची. कोंकणांतील भाताच्या पाणथळ खाचरांतून, गुरांच्या पोटांतून, कुजणाऱ्या केरांतून, कोळशाच्या खाणींतून व तेलाच्या विहिरींतून हा वायू निघतो. औद्योगिक युगाच्या आरंभापासून तो हवेंत अडीच पटींहून अधिक वाढला आहे. उंच गेल्यावर त्याच्या प्रत्येक रेणूपासून अखेर पाण्याचे सुमारें दोन रेणू होतात. या मेघांची उपग्रहांनीं केलेली अखंड नोंद १९७८ पासूनचीच आहे, त्यापूर्वींचें काय? म्हणून जर्मनीच्या संशोधकांनीं संगणकावर वातावरणाचें गणिती प्रारूप रचून १८७१ पासूनचा काळ पुन्हा चालवून पाहिला. २०१८ मध्यें त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा: मेघांच्या उंचीवरील वाफ सुमारें शेंकडा ४० वाढली असून तिच्यामुळें बर्फकण मोठे व मेघ तेजस्वी झाले आहेत. पूर्वीं ते असत, परंतु इतके फिकट कीं डोळ्यांस दिसणें कठीण. १८८५ चें दर्शनही क्राकाटोआनें उडविलेल्या वाफेमुळें घडलें असावें. अर्थात् प्रारूप म्हणजे साक्षीदार नव्हे. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राप्रमाणेंही मेघ कमीअधिक होतात, आणि तो चढउतार वेगळा काढल्यावांचून मनुष्याचा वांटा नेमका किती, हें मोजतां येत नाहीं. त्यासाठीं उपग्रहांची नोंद आणखी पुष्कळ वर्षें चालू राहिली पाहिजे.

आपल्या आकाशांत हे मेघ दिसत नाहींत. पण ज्यांचे आप्त इंग्लंड, स्कॉटलंड किंवा कॅनडांत राहतात, त्यांनीं त्यांस अवश्य लिहावें: जून-जुलै महिन्यांत सूर्यास्तानंतर सुमारें दीड-दोन तासांनीं उत्तर क्षितिजाजवळ पाहावें. साधे ढग त्या वेळीं काळे दिसतात. जे उजळलेले दिसतील ते हे.