एका अमिनो आम्लाचा फरक : प्रथिनांतील रासायनिक बंध आणि सिकलसेलचे आव्हान

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील तात्यापारा या जुन्या वस्तीच्या नावातच तिचा इतिहास दडलेला आहे. ‘तात्या’ हे मराठी घरातील आदरार्थी संबोधन, तर ‘पारा’ म्हणजे छत्तीसगढी बोलीतील मोहल्ला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशात रुजली आणि तिच्याबरोबर मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली. अशा घरांमध्ये सणाच्या दिवशी पुरणपोळीसाठी कणीक तिंबली जाते, तेव्हा तिला येणारा ताण हा प्रथिनांतील रासायनिक बंधांचा परिणाम असतो. याच प्रकारच्या बंधांत रक्तातील एका प्रथिनाच्या बाबतीत किंचित बिघाड झाला, की सिकलसेल हा गंभीर आनुवंशिक आजार उद्भवतो. छत्तीसगड, विदर्भ आणि मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात हा आजार आजही असंख्य कुटुंबांच्या चिंतेचा विषय आहे.

प्रथिनांची साखळी

सजीवांच्या शरीरातील प्रथिने प्रामुख्याने २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. एका अमिनो आम्लाचा कार्बन आणि पुढच्या अमिनो आम्लाचा नायट्रोजन यांच्यात सहसंयुज बंध तयार होतो आणि त्या वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. या बंधाला पेप्टाइड बंध म्हणतात. तो बळकट असतो; साधारण उष्णतेने तुटत नाही. कोणते अमिनो आम्ल कोणत्या क्रमाने जोडले जावे, याची आज्ञा जनुकांत नोंदलेली असते. हा क्रम म्हणजे प्रथिनाची प्राथमिक रचना होय.

मात्र केवळ सरळ साखळीला काम करता येत नाही. तिला ठरावीक घडी पडावी लागते. साखळीतील ऑक्सिजन आणि थोड्या अंतरावरील नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन यांच्यात हायड्रोजन बंध निर्माण होतात. त्यामुळे काही ठिकाणी साखळीला मळसूत्रासारखा पीळ बसतो, तर काही ठिकाणी तिचे पट्टे शेजारी-शेजारी येऊन पत्र्यासारखी रचना होते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये या दोन्ही रचना मांडल्या. साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळू शकत नाही, याचा नकाशा भारतीय शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रास विद्यापीठातील सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने तो आजही जगभर वापरला जातो.

यापुढची घडी अनेक बंधांच्या एकत्रित परिणामातून पडते. काही अमिनो आम्लांवर धन विद्युतभार असतो, काहींवर ऋण; त्यांच्यात आकर्षण निर्माण होते. काही अमिनो आम्ले तेलासारखी पाण्यापासून दूर राहू पाहतात आणि रेणूच्या आतल्या भागात एकत्र येतात. सिस्टीन या अमिनो आम्लातील गंधकाचे दोन अणू परस्परांशी जोडले जाऊन डायसल्फाइड बंध तयार होतो. कणीक मळताना गव्हातील प्रथिनांचे जे लवचीक जाळे तयार होते, त्यात या बंधाचा मोठा वाटा असतो.

पेप्टाइड बंधांच्या तुलनेत हायड्रोजन बंध आणि जलद्वेषी आकर्षण कितीतरी क्षीण असते. परंतु ते शेकड्यांनी असल्यामुळे रेणूचा आकार टिकून राहतो. अंडे उकडले की पेप्टाइड बंध शाबूत राहतात, पण हे क्षीण बंध मोडतात. घडी उलगडते, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पातळ बलक घट्ट होतो. आकार गेला की प्रथिनाचे कार्यही जाते.

सहाव्या स्थानावरील बदल

हिमोग्लोबिन हे तांबड्या रक्तपेशींतील प्रथिन चार साखळ्यांचे असते. दोन अल्फा साखळ्यांत प्रत्येकी १४१, तर दोन बीटा साखळ्यांत प्रत्येकी १४६ अमिनो आम्ले असतात. प्रत्येक साखळीत लोह असलेला हीम हा घटक असतो आणि तो ऑक्सिजनचा एक रेणू वाहून नेतो. या गुंतागुंतीच्या रचनेचा उलगडा करणारे मॅक्स पेरुट्झ यांना १९६२ मध्ये जॉन केंड्र्यू यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिकलसेलमध्ये बीटा साखळीच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. जनुकातील एका अक्षराच्या बदलाचा हा परिणाम आहे. संपूर्ण रेणूतील ५७४ अमिनो आम्लांपैकी केवळ दोन बदललेली असतात. तरीही तेवढा फरक घातक ठरतो. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सहज सामावते. व्हॅलिनवर भार नसतो आणि ते पाणी टाळते.

हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि बीटा साखळीच्या पृष्ठभागावर एक जलद्वेषी खोबण उघडी पडते. एका रेणूवरचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या या खोबणीत जाऊन बसते. त्याला पुढचा रेणू जोडला जातो, मग त्याच्या पुढचा. अशा रितीने लांब, ताठर तंतू तयार होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ती सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. तीव्र वेदना होतात आणि अवयवांना इजा पोहोचते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणूनच रुग्णाला रक्तक्षय होतो.

शरीरातील पाणी कमी झाले की पेशीतील हिमोग्लोबिन अधिक दाट होते आणि तंतू लवकर तयार होतात. त्यामुळे छत्तीसगड-विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात रुग्णांनी भरपूर पाणी पिणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

निदानामागील तत्त्व

पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले, की रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या गतीने सरकते. एखाद्या रोगाचे मूळ रेणूच्या बदलात असल्याचे सिद्ध करणारे ते पहिले उदाहरण होते. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले, हे व्हर्नन इन्ग्राम यांनी त्यानंतर काही वर्षांत शोधले. भारात पडणाऱ्या या फरकाच्या आधारेच आजही इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी केली जाते. प्राथमिक तपासणीसाठी सोल्युबिलिटी चाचणी वापरतात. ऑक्सिजन काढून घेतल्यावर सिकल हिमोग्लोबिन नीट विरघळत नाही आणि द्रावण गढूळ दिसते.

भारतात या दोषाची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील नोंदी त्याच दशकात नागपूरहून पुढे आल्या. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत या आजारावर दीर्घकाळ काम केलेले पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. रायपूरमध्ये या आजारासाठी राज्य शासनाची स्वतंत्र सिकलसेल संस्था कार्यरत आहे. हा आजार केवळ आदिवासींपुरता मर्यादित नाही. छत्तीसगड आणि विदर्भातील अनेक अनुसूचित जाती तसेच इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो.

विवाहापूर्वीची तपासणी

सदोष जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आले, तर व्यक्ती वाहक असते. तिला सहसा त्रास होत नाही. उलट गंभीर मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते. मलेरियाग्रस्त प्रदेशांत हे जनुक टिकून राहण्याचे कारण हेच मानले जाते. मात्र दोघेही पालक वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्के असते. पहिले मूल निरोगी जन्मले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

नवजात बालकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक असते आणि ते तंतूंच्या जडणघडणीत अडथळा आणते. म्हणून पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध याच हिमोग्लोबिनचे प्रमाण पुन्हा वाढवते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. जनुकातील बदल घडवणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली असली, तरी त्याचा खर्च सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपविण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. या अभियानात तपासणीइतकेच महत्त्व समुपदेशनाला आहे. विवाह जुळवताना पत्रिका पाहण्याची प्रथा अनेक घरांत आहे. त्याबरोबर वधू-वरांच्या रक्ततपासणीचा अहवालही पाहिला, तर एका अमिनो आम्लाच्या बदलातून उद्भवणारे आयुष्यभराचे दुःख पुढील पिढीच्या वाट्याला येणे टाळता येईल. वाहक असणे हा दोष नव्हे, ती केवळ वेळेवर मिळालेली माहिती आहे.