सुताच्या धाग्यातली साखर

नवी पेठेत टॉवेल घ्यायला गेले की दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणून हातात देतो. आपणही दोन बोटांत चुरगाळून पाहतो आणि पैसे मोजतो. पण कापूस म्हणजे नेमके काय, हे कापडगिरण्यांच्या या गावात तरी आपल्याला ठाऊक असायला हवे.

वनस्पतीच्या पेशींच्या भिंती ज्या द्रव्याने बांधलेल्या असतात ते सेल्युलोज. आन्सेल्म पायां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३८ साली ते वेगळे करून दाखवले. लाकडात ते निम्म्याच्या आसपास असते, कापसात नव्वद टक्क्यांच्या वर. गंमत म्हणजे हे द्रव्य साखरेचेच! ग्लुकोजचे हजारो कण साखळीसारखे जोडलेले. ज्वारीच्या दाण्यातले पीठही ग्लुकोजचेच, फक्त जोडणी निराळी. म्हणून भाकरी आपल्याला पचते, कडबा पचत नाही. म्हशीच्या पोटातले सूक्ष्म जंतू मात्र तो फोडून देतात.

या साखळीला पाण्याची ओढ असते, म्हणून सुती टॉवेल अंग टिपतो. पॉलिएस्टरला ती ओढ नाही. भेसळ ओळखायची तर काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सूत कागदासारखे जळते, मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. भगिनींनी हे जरूर करून पाहावे, पण मुलांपासून दूर.

सोलापुरात १८७७ साली ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. त्या काळापासून आपल्या लोकांनी या धाग्यावर घाम गाळला. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. पगार त्याच खात्यात जास्त! कारण काय, तर धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो ‘विटाळे’. विणून झालेले कापड मात्र कोणालाच विटाळलेले वाटत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

आता दुसरी गोष्ट. सूतखात्यात कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की ‘बिसिनोसिस’ हा फुप्फुसाचा आजार जडतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, खोकला येतो, ही त्याची खूण. पुष्कळजण ते बिडीवर ढकलतात. कायद्याने हा व्यवसायजन्य रोग आहे, त्याची भरपाई मागता येते. ई.एस.आय.चे कार्ड असेल तर डॉक्टरांना ‘मी कापसाच्या धुळीत काम करतो’ हे आधी सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे.